मुलाला उलट्या, धाप आणि सारखी लघवी? नुसता पोटाचा आजार समजू नका, आधी साखर तपासा! ‘डीकेए’ म्हणजे काय, रुग्णालयात सिस्टर काय करतात, घरी काय सांभाळायचं? वाचा सविस्तर

नाशिक : चौदा-पंधरा वर्षांचं पोर. दोन-तीन आठवड्यांपासून तांब्यावर तांब्या पाणी पितंय, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतंय, पोटभर खाऊनही वाळत चाललंय. घरचे म्हणतात, ऊन आहे, वाढीचं वय आहे. मग एके दिवशी पोटात दुखायला लागतं, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो. जवळच्या दवाखान्यात सलाईन लागतं, उलटीचं इंजेक्शन होतं. तरी पोर सुस्त होत जातं.

अशा वेळी एक साधी तपासणी जीव वाचवू शकते. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि ग्लुकोमीटरवर साखर बघायची. मिनिटभरात कळतं. ती तपासणी राहून गेली, तर ‘डायबेटिक किटोअॅसिडोसिस’ म्हणजेच ‘डीकेए’ हा आजार पोटाच्या दुखण्याच्या नावाखाली लपून राहतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होऊन घरी जातात. उशीर झाला तर जिवावर बेततं.

डीकेए म्हणजे नेमकं काय?

आपण खातो त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातली साखर शरीराच्या पेशींत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. हे इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं. ‘टाइप १’ मधुमेहात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हा मधुमेह अनेकदा लहान वयात किंवा वयात येताना सुरू होतो. गोड जास्त खाल्लं म्हणून होत नाही, कुणाच्या नजरेने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळायला लागतं. चरबी जळताना ‘किटोन’ नावाचं आम्ल तयार होतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. जादा साखर लघवीवाटे जाताना पाणी आणि क्षारही घेऊन जाते, म्हणून अंग कोरडं पडतं. या सगळ्याला मिळून डीकेए म्हणतात. रक्तातली साखर २०० मिलीग्रॅमच्या वर, रक्तात किंवा लघवीत किटोन, आणि रक्ताचा ‘पीएच’ ७.३ पेक्षा कमी, अशा तपासण्यांवरून डॉक्टर निदान पक्कं करतात.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- खूप तहान, सारखी लघवी. मोठं मूल अचानक अंथरूण ओलं करायला लागणं
- थोड्या दिवसांत वजन उतरणं, थकवा
- पोटदुखी, मळमळ, उलट्या
- खोल आणि जोरात श्वास, पळून आल्यासारखी धाप
- तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास
- सुस्ती, बडबड, हाक मारली तरी नीट ओ न देणं

ही लक्षणं फसवी असतात. पोट दुखतं म्हणून अपेंडिक्स वाटतं, धाप लागते म्हणून न्यूमोनिया किंवा दमा वाटतो. द्राक्षबागांच्या फवारणीच्या दिवसांत ‘औषध लागलं असेल’ असंही वाटू शकतं. पोर बडबडायला लागलं की काही घरांत आधी भगताकडे नेतात आणि मोलाचे तास निघून जातात.

एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लघवी कमी होते. इथे अंग कोरडं पडलेलं असूनही लघवी भरपूर होत राहते. उलट्या आहेत आणि लघवीही सारखी होतेय, तर साखर तपासलीच पाहिजे.

रुग्णालयात पोचेपर्यंत काय करायचं?

ग्लुकोमीटर प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. मीटरवर आकडा न येता ‘हाय’ अशी अक्षरं आली, तर मशीन ठीकच आहे. साखर मशीनच्या मापापलीकडे गेली आहे असा त्याचा अर्थ. तेव्हा १०८ ला फोन लावावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे.

दवाखान्यात सलाईन लावण्याआधी घरच्यांनी एकच वाक्य बोलावं, “डॉक्टर, आधी शुगर बघता का?” कारण सलाईनच्या सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. काहींत ग्लुकोज असतं. ज्या मुलाची साखर आधीच ५०० आहे, त्याला न तपासता ग्लुकोजची बाटली लागली तर आजार आणखी बळावतो. सुरुवातीला लागतं ते ‘नॉर्मल सलाईन’, म्हणजे मिठाचं पाणी.

सुरगाण्याहून वणी-दिंडोरीमार्गे किंवा पेठहून घाटातून नाशिक गाठायला वेळ लागतो. म्हणून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सलाईन सुरू करून, पुढच्या रुग्णालयाला फोन करून मगच पेशंट हलवणं चांगलं. वाटेत चहा, सरबत, नारळपाणी पाजू नये. सुस्त मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल आधीपासून इन्सुलिनवर असेल, तर इन्सुलिनची बाटली, सिरिंज, मीटर आणि वही सोबत न्यावी.

शंभर वर्षांपूर्वीचं चौदा वर्षांचं पोर

हा आजार पूर्वी म्हणजे मरणच होतं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा असाच अखेरच्या टप्प्यावर होता. वजन उरलं होतं २९ किलोच्या आसपास. तेव्हा उपचार एकच, उपाशी ठेवणं. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेला इन्सुलिनचा अर्क त्याला ११ जानेवारीला टोचला गेला, पण फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा दिला. साखर उतरली, लघवीतले किटोन गेले. लिओनार्ड पुढे तेरा वर्षं जगला.

आज इन्सुलिन औषधाच्या दुकानात मिळतं. तरीही डीकेएत नुसत्या इन्सुलिनने भागत नाही. साखर, पाणी, क्षार आणि मेंदू या चारही गोष्टींवर दर तासाला नजर लागते. ती नजर ठेवणारी व्यक्ती म्हणजे वॉर्डातली परिचारिका, आपली सिस्टर.

पहिला तास : आधी पाणी, मग इन्सुलिन

पेशंट येताच सिस्टर वजन घेतात, कारण पुढचा सगळा हिशोब वजनावर चालतो. नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्ध यांची नोंद होते. हाताला शक्यतो दोन इंट्राकॅथ लावतात, एक सलाईन-इन्सुलिनसाठी आणि एक रक्ताचे नमुने घेण्यासाठी. साखर, किटोन, पीएच, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन यांचे नमुने जातात. हृदयाचा मॉनिटर लागतो. शुद्ध हरपत असेल तर नाकातून पोटात नळी घालून पोट रिकामं ठेवतात.

सुरुवातीला नॉर्मल सलाईन दर किलोला १० ते २० मिली या हिशोबाने जातं. ४० किलोच्या मुलाला ४०० ते ८०० मिली. बाकीची तूट एकदम भरून काढायची नसते. ती २४ ते ४८ तासांत हळूहळू भरतात. ‘सलाईन एवढं सावकाश का चाललंय, जोरात सोडा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

इन्सुलिन साधारण तासाभराने सुरू होतं. दर किलोला दर तासाला ०.०५ ते ०.१ युनिट, म्हणजे ४० किलोच्या मुलाला तासाला २ ते ४ युनिट. शिरेतून फक्त साधं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं रेग्युलर इन्सुलिन देतात. दुधाळ दिसणारं मिक्स इन्सुलिन शिरेत देत नाहीत. सिरिंज पंपात सहसा ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट मिसळतात, म्हणजे १ मिलीत १ युनिट. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून सिस्टर थोडं मिश्रण आधी नळीतून वाहू देतात आणि मग ती पेशंटला जोडतात. युनिटमध्ये चूक होऊ नये म्हणून दोन सिस्टरनी मिळून डोस तपासायची पद्धत आहे.

दर तासाचा तक्ता

पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला कागद म्हणजे या उपचाराचा कणा. त्यावर दर तासाला काय लिहिलं जातं?

- साखर : तासाला साधारण ३६ ते ९० मिलीग्रॅमने उतरावी. एकदम कोसळली तरी धोका, उतरली नाही तरी कारण शोधावं लागतं. पंप बंद आहे का, सुई निसटली का, नळी वाकली का, हे सिस्टर आधी बघतात.
- पाणी : किती आत गेलं, किती लघवी झाली, उलटी किती झाली, सगळं मिलीमध्ये.
- नाडी, श्वास, रक्तदाब : आम्ल कमी झालं की खोल श्वास हळूहळू शांत होतो.
- शुद्ध : नाव विचारणं, हात दाबायला सांगणं, बाहुल्यांवर टॉर्च टाकून बघणं. त्याचे ३ ते १५ पर्यंत गुण मांडतात.
- दर दोन ते चार तासांनी रक्तातले क्षार आणि पीएच.

पोटॅशियम हा यातला लपलेला धोका. इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तात कमी पडतं. त्याने हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून लघवी होते आहे याची खात्री करून डॉक्टरांच्या आदेशाने सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळतात. ते शिरेत थेट कधीच ढकलत नाहीत.

साखर २५० ते ३०० च्या आसपास आली की सलाईनमध्ये ग्लुकोज सुरू होतं. इथे घरचे हबकतात, ‘साखरेच्या पेशंटला ग्लुकोज कशाला?’ कारण साखर उतरली तरी किटोन अजून रक्तात असतात. ते घालवायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं, आणि साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोजची जोड देतात. सुरुवातीला न तपासता दिलेलं ग्लुकोज आणि आता मोजून दिलेलं ग्लुकोज, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डोकं दुखतंय? लगेच सांगा

डीकेएच्या उपचारात सर्वांत जास्त भीती मेंदूला सूज येण्याची. हजारातल्या पाच ते दहा मुलांत ती येते, बहुतेकदा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या बारा तासांत. आधी बरं वाटत असलेलं मूल डोकं दुखतंय म्हणतं, पुन्हा उलटी करतं, चिडचिड करतं किंवा गाढ झोपून जातं. नाडी मंदावते, रक्तदाब चढतो.

सिस्टरना हे दिसलं की त्या डॉक्टरांना तातडीने बोलावतात, पलंगाचं डोकं ३० अंश वर करतात, सलाईनचा वेग आदेशाप्रमाणे कमी करतात. मॅनिटॉल किंवा ३ टक्क्यांचं सलाईन हाताशी तयार ठेवतात. स्कॅनच्या रिपोर्टची वाट बघत औषध थांबवत नाहीत.

इथे आईबापांचं काम मोठं आहे. आपलं पोर रोज कसं बोलतं, कसं झोपतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ‘रात्रभर जागलंय, झोपू दे’ असं म्हणून सिस्टरला तपासू न देणं धोक्याचं. दर तासाला उठवणं हा त्रास देण्यासाठी नसतो, तोच उपचार असतो. आणि परवानगी मिळेपर्यंत तोंडाने काही देऊ नये. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने पुसावेत.

शुद्धीवर आल्यावरचा खरा प्रश्न

पीएच ७.३ च्या वर गेला, उलट्या थांबल्या, मूल खायला लागलं की कातडीखालचं इन्सुलिन सुरू होतं. ते टोचून थोडा वेळ गेल्यावरच शिरेतलं बंद करतात. दोन्हींत खंड पडला तर किटोन पुन्हा वाढतात.

ज्याला मधुमेह आहे हे आधीच माहीत होतं, ते मूल पुन्हा डीकेएत का आलं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, इन्सुलिन चुकलं. पण ‘का टोचलं नाहीस?’ असं चारचौघांत दरडावलं तर पोर गप्प होतं. अनुभवी सिस्टर घरच्यांना जरा बाहेर थांबायला सांगतात आणि हळूच विचारतात, “बाळा, इंजेक्शन कधीकधी राहून जातं का? राहतं गं, सगळ्यांचंच. कधी राहतं तेवढं सांग.”

मग कारणं निघतात. मित्रांसमोर सुई काढायची लाज. वसतिगृहात ठेवायला जागा नाही. इंजेक्शनने वजन वाढतं म्हणून मुलीने कमी केलं. महिनाअखेर बाटली संपली, घरात पैसे नव्हते. ‘मुलीचं लग्न जमणार नाही’ म्हणून घरच्यांनीच आजार लपवला. कुणीतरी ‘महिनाभरात इन्सुलिन सुटेल’ म्हणून पुडी दिली. आज टाइप १ मधुमेहात इन्सुलिन सोडवणारी कोणतीही पुडी, काढा किंवा पथ्य नाही. इन्सुलिन हे व्यसन नव्हे. शरीर जे बनवत नाही, तेच बाहेरून द्यायचं आहे. ते नीट घेतलं तर मूल शिकतं, खेळतं, शेती-नोकरी करतं, लग्न-संसारही करतं.

घरी जाताना हे नीट समजून घ्या

*बाटली आणि सिरिंजची जोडी :* आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळतं. ४० च्या बाटलीला ४० ची, लाल टोपीची सिरिंज. १०० च्या बाटलीला १०० ची, नारंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं तर डोस अडीच पट होतो. उलटं केलं तर निम्म्याहून कमी जातो आणि डीकेए परत येतो.

*टोचायची जागा :* पोट, मांडी, आलटून-पालटून. एकाच जागी टोचलं की गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

*साठवण :* न उघडलेली बाटली फ्रिजच्या खालच्या भागात, फ्रीजरमध्ये नाही. उघडलेली साधारण २८ दिवस चालते. फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं ठेवावं, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्यात सावलीत ठेवावी. मालेगावकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवलेलं इन्सुलिन खराब होतं.

*साखर कमी झाली तर :* घाम, थरथर, चक्कर आली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नये.

*आजारपणाचे दिवस :* ताप, जुलाब, उलट्या असताना ‘आज काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला’ हा हिशोब जीव घेऊ शकतो. आजारपणात शरीराला इन्सुलिन बहुधा जास्तच लागतं. ते पूर्ण बंद करू नये, किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारावं. दर दोन ते चार तासांनी साखर बघावी, लघवीतले किटोन पट्टीवर तपासावेत. पाणी, पातळ ताक, मीठ घातलेली पेज थोडी थोडी द्यावी. उलट्या थांबत नसतील, किटोन वाढत असतील किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावं.

शाळा, आश्रमशाळा आणि मदत

मुलाला मधुमेह आहे हे वर्गशिक्षक आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना माहीत असलंच पाहिजे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून सांगितलं आहे की, टाइप १ असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, खाऊ द्यावं. डॉक्टरांचं पत्र शाळेत देऊन ठेवावं आणि परीक्षेआधी केंद्रावरही बोलून घ्यावं.

खर्चाचा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावं. नागपूरमध्ये डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ‘ड्रीम ट्रस्ट’ गरीब घरांतल्या टाइप १ मुलांना इन्सुलिन आणि साहित्याची मदत करतो. घरी आल्यावर आशाताईंना सांगून ठेवलं, तर बाटली संपायच्या आत आठवण करणारं एक माणूस गावातच मिळतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. तहान, सारखी लघवी, वजन कमी : त्याच दिवशी साखर तपासा.
२. त्यात उलट्या, धाप, सुस्ती : १०८ ला फोन, थेट रुग्णालय.
३. सलाईनआधी ‘शुगर बघा’ असं सांगा.
४. रुग्णालयात डोकेदुखी किंवा वागण्यात बदल दिसला की लगेच सिस्टरला हाक मारा.
५. मूल जेवलं नाही तरी स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नका.

(वर दिलेले डोस उपचार समजण्यासाठी आहेत. प्रत्येक मुलाचा डोस डॉक्टरच ठरवतात.)